सुभेदारांची दुसरी नोकरी

आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन कायमचे घरी आले, तेव्हा मला आनंद झाला. पण थोड्याच दिवसांत मी वैतागले, तेही सांगून टाकते. लग्न झाल्यापासून आमचा संसार सुट्टीपुरता. हे वर्षातून एखाद्या वेळी यायचे, पाहुण्यासारखे राहायचे आणि निघताना पोरं वेशीपर्यंत पोचवायला जायची. मधल्या दिवसांत शेत, दोन म्हशी, सासूबाईंचं दुखणं, मुलाची आणि मुलीची शाळा, सगळं माझ्याकडं. नांदूरघाटच्या बाजूचं आमचं गाव लहान. सकाळी कोणाची म्हैस कोणाच्या रानात शिरली ते दुपारपर्यंत घरोघर कळतं. अशा गावात मी एकटीनं घर चालवलं होतं आणि मला त्याची सवय झाली होती.

ह्यांनी आल्या आल्या पहाटे पोरांना उठवायला सुरुवात केली. अंथरुणाच्या घड्या एकसारख्या झाल्याच पाहिजेत. म्हशींना पाणी दाखवायची वेळ ठरवली, पण म्हशी काही ऐकेनात. एक दिवस मी रानातून आले तर फळीवरचे डबे उंचीप्रमाणे ओळीत लावलेले. मला तिखटाचा डबा सापडेना.

"अवो," मी म्हणाले, "ही पलटण न्हाई. घर हाय."

"घराला बी शिस्त लागती."

"हाय की शिस्त. तुमाला दिसत न्हाई, एवढंच."

हे रागावले नाहीत. समोरच्याचं पटलं की तो वरचा असो, खालचा असो, हे ऐकून घेतात. पुढं राजकारणात ह्या स्वभावानं ह्यांचं बरंही झालं आणि नुकसानही.

त्याच सुमारास आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. एका संध्याकाळी गावातली काही माणसं आमच्या ओसरीवर येऊन बसली. मी आत चहा टाकलेला. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं.

"सुभेदार, वहिनींना उभं करा. सही वहिनींची, कारभार तुमचा. फौजेतला माणूस म्हणल्यावर कोण नाव ठेवतंय?"

"माझी हरकत न्हाई," हे म्हणाले. "पण तिला इचारा."

"त्यांना काय इचारायचं बप्पा?"

"उभं तिला ऱ्हायचंय."

मग मला बाहेर बोलावलं. माझ्या हातात कपबश्यांचं ताट होतं. मी ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, "उभी ऱ्हाते. पण एसटी गावात आली पायजे, ते काम पयलं."

त्याला कारण होतं. आठवीपासून पुढच्या शाळेसाठी पोरी नांदूरघाटला जायच्या. येताना एसटी त्यांना फाट्यावर सोडायची आणि तिथून गावापर्यंत दोन्ही बाजूंनी उसाचा रस्ता. थंडीत लवकर अंधारून यायचं. आमच्या गल्लीतल्या कितीतरी पोरींची शाळा तेवढ्यावरून सुटली. माझी पोरगी तेव्हा आठवीत होती आणि रोज संध्याकाळी मी हातातलं काम टाकून फाट्याकडं चालत जायची. एसटीवाले म्हणायचे, गावाच्या तोंडाशी वळण अरुंद आहे, गाडी वळत नाही.

मी निवडून आले. पहिल्या बैठकीला मी घरची कामं आटोपून पोचले, तर हे सरपंचाच्या खुर्चीत बसलेले. ह्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, दुसऱ्या कोणालाही वाटलं नव्हतं. ग्रामसेवकानं रजिस्टर ह्यांच्याच पुढं ठेवलं होतं. मी दारात थांबले.

"अवो, ती खुर्ची माझी हाय."

कोणीतरी मागं हसलं. हे उठले. साहेब आत आल्यावर शिपाई उठतो तसे ताठ उठले आणि सतरंजीवर लोकांमध्ये जाऊन बसले. बैठक झाली. घरी आल्यावर जेवण झालं. मग हात धुताना म्हणाले, "बरोबर केलंस. पण घरीच सांगायचं व्हतंस."

"घरी सांगितलं असतं तर तुमी बसलाच नसता. मग लोकांना कळलं असतं का?"

ह्यावर हे जरा हसले.

एसटीचं काम मात्र लगेच झालं नाही. वळणावर एका धनगराचं मेंढरांचं वाडगं होतं. काट्यांचं कुंपण निम्म्या रस्त्यावर आलेलं. हे तलाठ्याकडून नकाशा घेऊन गेले, टेप लावून जागा मोजली आणि त्या माणसाला सांगितलं की ही जागा सरकारी आहे. तो म्हणाला, "सुभेदार, ह्या नकाशात माझी मेंढरं दिसतेत का?" हे तसेच परत आले. मग मी त्याच्या बायकोकडं गेले. ती कोकराला दूध पाजत बसली होती. मीही बसले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, की बाई, माळावर तुमची एवढी मोकळी जागा असताना वाडगं इथं रस्त्यावर कावून?

ती म्हणाली, "खांबावरचा दिवा हाय न्हवं इथं. उजेडाला लांडगा येत न्हाई."

एवढंच कारण होतं. आम्ही माळावर एक खांब न्यायचा ठराव केला. खांब यायला बरेच महिने गेले, पण आला. दिवा लागला त्याच आठवड्यात त्यांनी आपणहून वाडगं हलवलं. पहिली एसटी आली तेव्हा ड्रायव्हरला नारळ दिला. माझी पोरगी खिडकीत बसली होती, उतरायलाच तयार नव्हती.

पुढं हे निवडणुकांना उभे राहू लागले तेव्हा भाषणात ही गोष्ट हमखास सांगायचे. सुरुवातीला म्हणायचे, 'माझ्या बायकोनं'. काही वर्षांनी ते 'आम्ही' झालं. मुंबईला गेल्यावर एकदा टीव्हीवर मुलाखत लागली होती, त्यात 'मी' झालं. मी आणि पोरगी दोघी बघत होतो. पोरगी म्हणाली, "आई, आता पुढच्या खेपेला मेंढरं बी बाबांचीच असतेल." आम्ही खूप हसलो. हे घरी आल्यावर पोरीनं तोंडावर सांगितलं, तर हे खरंच ओशाळले. बोलण्याच्या ओघात तसं होतं, म्हणाले.

जिल्हा परिषदेला हे पहिल्याच झटक्यात आले. विधानसभेला मात्र पहिल्यांदा पडले. मोजणीच्या ठिकाणाहून परत येताना आमची जीप मांजरसुंब्याला थांबली. तिथं चौकात बीडच्या एका मुसलमान चाचांचा फळांचा गाडा असायचा. सीताफळाच्या दिवसांत बालाघाटातली निवडक फळं त्यांच्याकडं मिळायची. प्रचारात आमची जीप तिथं रोज थांबायची, मागं पोरांच्या मोटारसायकली, घोषणा, गडबड. त्या दिवशी जीपमध्ये ड्रायव्हर धरून आम्ही तिघंच. झेंडा कोणीतरी आधीच काढून ठेवला होता. चाचांनी स्टूल पुढं केलं.

"बैठो सुभेदारसाब. सुबह से कुछ खाये नहीं दिखते."

मग पिकलेली सीताफळं फोडून आमच्या पुढं ठेवली. हे खाऊ लागले. चाचांनी थोडा वेळ जाऊ दिला.

"एक बात बोलूं? गुस्सा नको करो."

"बोला की."

"तुमी भाषणाला उभे ऱ्हायले की मेरेकू लगता, अब बोलेगा, दाहिने मुड़!"

हे आधी बघतच राहिले, आणि मग इतके हसले की बिया घशात अडकल्या. त्या दिवसातलं तेवढंच हसू. पुढच्या निवडणुकीपर्यंत ह्यांनी भाषण करायची पद्धतच बदलली. उभे राहण्याऐवजी पारावर, ओट्यावर बसून बोलायचे, आधी लोकांना बोलू द्यायचे. त्या वेळी निवडून आले. नंतर पुन्हा आले आणि मंत्री झाले.

शपथविधीला आम्ही सगळे मुंबईला गेलो. ह्यांनी शपथ इतक्या खणखणीत आवाजात वाचली की पुढच्या रांगेतले लोक दचकले. मुलगा मला हळूच म्हणाला, "आई, बाबांना वाटतंय परेड चालू हाय." बंगला मिळाला, मोठा, झाडांचा. तिथं चहा करायला माणूस, दार उघडायला माणूस. मी भाकरी करायला बसले तर स्वयंपाकी अवघडून उभा राहायचा. मला तिथं कामच नव्हतं. थोडे दिवस राहून मी गावी परत आले. ह्यांनी आग्रह केला नाही. म्हणाले, "मला बी ऱ्हायला मिळालं असतं तर आलो असतो."

हे आठवड्याच्या शेवटी यायचे. पुढं-मागं गाड्या, अंगणात चपलांचा ढीग. आमच्या ओसरीवर उमरीपासून परळीपर्यंतची माणसं बसलेली असायची. कोणाची बदली, कोणाच्या पोराची नोकरी, कोणाचा दवाखान्यातला पेशंट. मी चहा पाठवत राहायची आणि आतून ऐकायची. फौजेतला माझा नवरा 'हो' म्हणायचा नाहीतर 'नाही' म्हणायचा. आता तिसराच शब्द आला होता. जो येईल त्याला 'बघतो'. फोनवरही 'बघतो'. एकदा माणसं उठून गेल्यावर मी विचारलं, "ह्यातल्या किती जणांचं खरंच बघता?"

"सगळ्यांचं होत न्हाई."

"मग न्हाई म्हणून कावून सांगत न्हाई?"

हे चष्मा पुसत बसले. "न्हाई म्हणलं की माणूस तुटतो गं. बघतो म्हणलं की निदान जाताना हसून जातो."

मी कपबश्या गोळा करून आत गेले.

मंत्रिपदाच्या काळातलीच पुढची गोष्ट. गेवराई तालुक्यात उमापूरच्या बाजूचा एक जवान सरहद्दीवर कामी आला. हे तेव्हा गावीच होते. कलेक्टर ऑफिसातून फोन आला, तो ऐकून झाल्यावर हे माझ्याकडं आले. "चल संगं. तिथं बायका असतेल. त्यांच्याशी मला बोलता येत न्हाई."

आम्ही पोचलो तर गावाच्या तोंडाशी भला मोठा बॅनर लावलेला. वर त्या पोराचा फोटो, खाली पुढाऱ्यांच्या रांगा आणि मधोमध आमचे हे, हात जोडलेले, पोरापेक्षाही मोठे. ह्यांनी गाडी थांबवली, उतरले.

"हे काढा."

तिथला कार्यकर्ता गडबडला. "साहेब, वरून सांगितलंय लावायला."

"मी सांगायलो न्हवं? काढा."

बॅनर उतरेपर्यंत हे रस्त्यावरच उभे राहिले. मग तिथून पायी गेलो.

फौजेचे जवान आले होते. बंदुकीची सलामी झाली. मी बायकांत उभी होते, पण माझं लक्ष ह्यांच्याकडं होतं. ह्यांचा उजवा हात छातीपर्यंत वर गेला आणि परत खाली आला. डोक्यावर टोपी नसली की फौजी सॅल्यूट करत नाही, हे मला ह्यांनीच कधीतरी सांगितलेलं. नंतर माईक ह्यांच्यापुढं आणला तेव्हा ह्यांनी मान हलवली आणि मागं सरकले. दुसऱ्या कोणीतरी पुष्कळ वेळ भाषण केलं.

मी घरात त्या पोराच्या आईजवळ जाऊन बसले. ती रडत नव्हती. माझा हात धरून ठेवला होता, एवढंच. बाहेर पोराचे वडील ह्यांच्याजवळ आले. शेळ्या-मेंढ्या राखणारा साधा माणूस. घोळक्यातून वाट काढत आला आणि अगदी हळू म्हणाला, "साहेब, पोराची सामानाची पेटी येती का हो?"

"येती."

"त्यात मायसाठी शाल घेतलीया म्हणलाता फोनवर. ती सारखी तेच इचारायली."

"मी आणतो," हे म्हणाले.

दारातून मी ते ऐकलं. 'बघतो' नाही म्हणाले.

फौजेत कामी आलेल्या माणसाचं सामान लगेच मिळत नाही. मोजदाद होते, कागद होतात, वेळ लागतो. हे ह्यांना माहीत होतं, म्हणूनच ह्यांनी ते काम कोणावर सोपवलं नाही. स्वतः फोन करायचे. एकदा मी जवळच होते. पलीकडच्या माणसाला ह्यांनी मंत्री म्हणून ओळख सांगितलीच नाही. आपलं नाव, जुना हुद्दा आणि पलटण सांगितली, हिंदीत, खुर्चीत ताठ बसून. पलीकडचा माणूसही मग मोकळा बोलू लागला असावा, कारण ह्यांनी मध्येच विचारलं, "अभी भी वहाँ इतनी बरफ पड़ती है?"

अखेर पेटी नगरपर्यंत आल्याचं कळलं. नेमकी त्याच दिवशी बीडला पक्षाच्या मोठ्या नेत्यांची सभा होती. ह्यांचं नाव पत्रिकेत होतं, व्यासपीठावर खुर्ची होती. सकाळपासून फोन चालू. हे सगळ्यांना एकच सांगत होते, की मला नगरला जायचंय. शेवटी मीच म्हणाले, "दुसऱ्या कोणाला पाठवा की."

"पेटी आणायला फौजीच जातो," हे म्हणाले. "सभेला लई जण हायत."

मीही बरोबर गेले. येताना पेटी मागच्या सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली होती. शेवगाव मागं पडल्यावर हे आपणहून बोलायला लागले. ह्यांनी फौजेतलं घरी फार कधी सांगितलं नव्हतं. हे नाईक असताना कामी आलेल्या एका सोबत्याला त्याच्या गावी पोचवायचं काम ह्यांच्यावर आलं होतं. आगगाडीत दोन रात्री गेल्या. स्टेशनवर त्या सोबत्याचा भाऊ आला होता. त्यानं पहिलं काय विचारलं, तर शेवटचं काय जेवला होता.

"मग काय सांगितलं?"

"मला काय ठाव? त्या दिवशी आमी वेगळ्या चौकीवर व्हतो." हे खिडकीबाहेर बघत होते. "खीर म्हणालो."



त्या घरी पोचलो तेव्हा उन्हं चांगलीच होती. आजूबाजूच्या आयाबाया जमल्या. वडिलांनी कुलूप काढलं. आत घडी घातलेले कपडे, दाढीचं सामान, एक टॉर्च, बहिणीच्या लग्नातला फोटो. शाल नव्हती. तळाशी एक स्वेटर होता, बायकांचा, पुढं बटणं असलेला, तपकिरी रंगाचा. आईनं तो उचलला आणि लुगड्यावरून अंगात घातला. तिला तो बराच मोठा होत होता, बाह्या बोटांपर्यंत आल्या. वैशाखातलं ऊन, पत्र्याचं घर.

"अगं, उकडंल," तिचा नवरा म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मग तिथं पहिल्यांदा रडली.

हे भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. चहा आला, तो घेतला. निघताना त्या माणसानं ह्यांचे हात दोन्ही हातांत धरले.

त्या संध्याकाळी वरून फोन आला. हे अंगणात जाऊन बोलले, त्यामुळं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पावसाळ्यानंतर मंत्रिमंडळात बदल झाला आणि ह्यांचं नाव गळालं. कोणी म्हणतं सभेला गेले नाहीत म्हणून. कोणी म्हणतं जिल्ह्यातलं जातींचं गणित बदललं. ह्यांना विचारलं की म्हणतात, ठरवणाऱ्यांना ठाऊक. मला वाटतं, खरं कारण ह्यांनाही कोणी सांगितलं नसावं.

ह्यांना त्याचं काही वाटलं नाही असं मात्र नाही. बंगला सोडून आले त्या आठवड्यात हे रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून ओसरीवर बसायचे. कोणी यायचं नाही. फोन वाजला की पटकन उचलायचे. मी दाण्याचा लाडू आणि चहा घेऊन जवळ बसायची. एक दिवस म्हणाले, "मला वाईट वाटायलंय."

"वाटणारच की."

"फौज सोडताना एवढं न्हवतं वाटलं."

"तवा घरी यायचं व्हतं तुमाला," मी म्हणाले.

पुढच्या निवडणुकीला तिकीट दुसऱ्याला मिळालं. प्रचारातली पोरं म्हणाली, अपक्ष उभे राहा, आम्ही आहोत. हे दोन दिवस विचार करत होते. पोरीचा, जावयाचा सल्ला घेतला, मलाही विचारलं. मी म्हणाले, मनात असंल तर उभं ऱ्हावा, मी येईन संगं फिरायला. शेवटी ह्यांनीच नको म्हणून सांगितलं. ज्याला तिकीट मिळालं होतं तो पाया पडायला आला तेव्हा त्याला जेवू घातलं. आणि वळणं, फाटे, कोणत्या गावात कोणाशी आधी बोलायचं, हे सगळं समजावून सांगितलं. तो निवडून आला. अधूनमधून येतो.

आता आमची ओसरी मोकळी असते. ह्यांचे गुडघे दुखतात, तरी पहाटेचं उठणं काही सुटलं नाही. म्हशी गेल्या, एक गाय आहे. तिची धार हे काढायला शिकले, आधी तिनं एक-दोनदा लाथ मारली.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक म्हातारी आली. तिची निराधाराची पेन्शन बंद पडली होती, आधार कार्डावर नाव वेगळं आलं म्हणून. ह्यांनी कागद बघितले आणि शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून केजला गेले. संध्याकाळी आले. मी पाणी दिलं.

"झालं का काम?"

"न्हाई. क्लार्क नवीन हाय. वळखत न्हवता. लायनीत बसा म्हणला."

"मग?"

"बसलो. माझा नंबर आला तवा साहेब जेवायला गेलते. उद्या बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. हे पुन्हा मोटारसायकलवर बसले, म्हातारीला हात केला आणि गेले.